सगळेच आवाज मुख्य : जोस्कँच्या काळातलं चर्चसंगीत कसं ऐकावं

१५०२ सालची गोष्ट. इटलीतल्या फेराराचा ड्यूक एर्कोले द'एस्ते आपल्या चॅपलसाठी, म्हणजे दरबारी प्रार्थनागृहातल्या गायकवृंदासाठी, मुख्य संगीतकार शोधत होता. दोन नावं पुढे आली होती, हाइनरिख इझाक आणि जोस्कँ दे प्रे. सप्टेंबरमध्ये ड्यूकच्या माणसाने त्याला पत्र लिहून आपला सल्ला कळवला. इझाक मनमिळाऊ आहे, सहकाऱ्यांशी जमवून घेईल, रचनाही भराभर करतो. जोस्कँ त्याच्याहून सरस रचतो हे खरं, पण स्वतःला वाटेल तेव्हा, आपण सांगू तेव्हा नाही. शिवाय तो २०० डुकाट मागतो, इझाक १२० वर तयार आहे.

ड्यूकने जोस्कँला घेतलं.

या दोघांपैकी एकही इटालियन नव्हता. इझाक फ्लँडर्सकडचा, तर जोस्कँ आजच्या फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमाभागातला. आजचा बेल्जियम, फ्रान्सचा उत्तरेकडचा कोपरा आणि नेदरलँड्सचा दक्षिण भाग एवढ्या लहानशा पट्ट्यातून दीडशेहून जास्त वर्षं युरोपभर संगीतकार जात राहिले. रोममध्ये पोपच्या चॅपलमध्ये ते होते, मिलानला होते, व्हेनिसच्या सेंट मार्क्समध्ये, म्युनिकच्या दरबारात आणि सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरीही होते. कुणाची भाषा फ्रेंच, कुणाची फ्लेमिश. म्हणून इतिहासकार त्यांना एकत्रितपणे 'फ्रँको-फ्लेमिश' म्हणतात. आपल्याकडे पाश्चात्य संगीत म्हटलं की बाख, मोझार्ट, बेथोव्हन ही नावं येतात. हे लोक बाखच्याही दोनशे-तीनशे वर्षं आधीचे, आणि माझ्या मते बाखच्या बरोबरीने ऐकावेत असे.

पण ऐकायचं कसं? आपला कान एका चालीवर वाढलेला असतो. मैफलीत गायक एक, मागे तंबोरा, बाजूला तबला-पेटी. भजनाला पन्नास माणसं बसली तरी चाल सगळ्यांची एकच. त्यामुळे हे संगीत पहिल्यांदा लावलं की आपण नकळत मुख्य गायक शोधू लागतो. तो सापडत नाही, आणि मग सगळं सुंदर पण धूसर वाटतं. घटकाभर बरं वाटतं, नंतर लक्ष उडतं.

तो सापडत नाही, कारण इथे मुख्य गायक नसतोच. साधारण चार आवाज असतात. चर्चच्या गायकवृंदात स्त्रिया नसत, त्यामुळे सर्वांत वरचा आवाज लहान मुलं किंवा कृत्रिम उंच आवाजात गाणारे पुरुष सांभाळत. त्याखाली आल्टो, टेनर आणि बास. प्रत्येकाची चाल स्वतंत्र, श्वासाची जागा स्वतंत्र आणि ओळ संपण्याची वेळही स्वतंत्र. एकाची ओळ संपते तेव्हा दुसरा मध्यात असतो आणि तिसरा नुकता सुरू झालेला असतो. कुणी कुणाची साथ करत नाही. या पद्धतीला पॉलिफोनी म्हणतात.

चार चाली एकदम सोडल्या तर गोंगाट होईल. तो होऊ नये म्हणून नियम आहेत, आणि या लोकांची खरी विद्या त्या नियमांत आहे. ठोक्याच्या जागी आवाजांचे स्वर एकमेकांशी जुळले पाहिजेत. न जुळणारा स्वर येऊ शकतो, पण जाता जाता. किंवा आधी जुळलेला स्वर धरून ठेवावा, दुसरा आवाज हलल्यामुळे तो बोचू द्यावा आणि लगेच एक पायरी खाली उतरून तो ताण सोडवावा. ओळ संपताना जो गोड ताण येऊन सुटतो, तो बहुधा याच युक्तीचा. याला काउंटरपॉइंट म्हणतात. याच प्रांतातल्या योहानेस तिंक्तोरिसने १४७७ मध्ये त्याच्या नियमांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात बजावून सांगितलं की ऐकण्याजोगं संगीत फक्त गेल्या चाळीस वर्षांतलंच आहे.

चाळीस वर्षांपूर्वी असं काय घडलं होतं? आपल्या भाषेत सांगायचं तर सा-प हा संवाद युरोपातही फार आधीपासून पक्का मानला जाई. मोक्याच्या जागी, ओळीच्या शेवटी, तोच हवा. सा-ग ही जोडी मात्र इंग्लंडमधल्या संगीतकारांनी, विशेषतः जॉन डन्स्टेबलने, मुक्तपणे वापरली, आणि रचनेला एक भरीव गोडवा आला. हा गोडवा खाडी ओलांडून पलीकडे पोचला. १४४० च्या सुमारास मार्तँ ल फ्राँ या फ्रेंच कवीने लिहून ठेवलं आहे की दुफाई आणि बँश्वा या फ्रँको-फ्लेमिश संगीतकारांनी ही इंग्लिश रीत उचलली आणि त्यामुळे त्यांचं गाणं इतकं प्रसन्न झालं.

तालाचंही वेगळंच. आवर्तन नाही, सम नाही. हाताच्या वर-खाली हालचालीने एक संथ ठोका धरला जाई. मिलानच्या गाफुरिउस या संगीतशास्त्रकाराने १४९६ मध्ये त्याचा वेग शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीइतका सांगितला आहे. कागदावर मात्रांचे विभाग दाखवणाऱ्या उभ्या रेघा नसत. चारही आवाज एकाखाली एक लिहिलेले नसत. मोठ्या आकाराच्या पोथीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर चार कोपऱ्यांत चार आवाज वेगवेगळे लिहीत, ती पोथी उंच घडवंचीवर ठेवत आणि सगळे गायक तिच्याभोवती उभे राहून गात. दुसरा काय गातो हे डोळ्यांनी पडताळायची सोय नाही. कानच हवा. आजही 'काप्पेला प्रातेन्सिस' नावाचा गायकवृंद अशा जुन्या पोथ्यांच्या प्रतिकृती समोर ठेवून, एकाच घडवंचीभोवती उभा राहून गातो. त्यांचं गाणं पाहायला मिळालं तर जरूर पाहा.

असे कान तयार कुठे होत? याच पट्ट्यात का? मला याचं उत्तर दोन गोष्टींत दिसतं, शाळा आणि पैसा. कांब्रे, ब्रुज, घेंट, अँटवर्प अशा गावांतल्या मोठ्या चर्चना जोडून गाणाऱ्या मुलांच्या निवासी शाळा होत्या. सात-आठ वर्षांचा मुलगा तिथे दाखल होई, लॅटिन शिके, रोज कित्येक तास गाई, आणि लिहिलेल्या चालीवर जागच्या जागी दुसरी चाल रचून गाण्याचीही त्याला सवय होई. आवाज फुटल्यावर हुशार मुलांना पुढच्या शिक्षणासाठी मदत मिळे. दुसरीकडे हा भाग कापडाच्या व्यापारावर गब्बर झालेला होता. आपल्या मृत्यूनंतर आत्म्याच्या शांतीसाठी ठरलेल्या दिवशी गायन व्हावं म्हणून व्यापारी, सरदार आणि धर्मगुरू चर्चकडे कायमची ठेव ठेवत. प्रत्येक ठेवीतून गायकांना काम मिळे. वर बरगंडीचे ड्यूक या प्रदेशाचे मालक, आणि त्यांना दरबाराचा थाट हवाच होता.

इटलीच्या राजांकडे आणि पोपकडे अशा शाळा फारशा नव्हत्या, पण पैसा होता. शिवाय चर्चच्या जमिनींचं नेमणुकीचं उत्पन्न कुणाला द्यायचं हे पोपच्या हातात असे. म्हणजे गाणारा माणूस रोममध्ये नोकरी करी आणि त्याला उत्पन्न मिळे ते त्याच्या मुलुखातल्या एखाद्या चर्चमधून. म्हातारपणी तो तिथेच परत जाई. ग्योम दुफाई असाच कांब्रेला परतला, जोस्कँ कोंदे गावी.

आता प्रत्यक्ष रचनांकडे. या संगीताचा मोठा भाग मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेसाठी आहे. मिस्सेत रोज बदलणाऱ्या प्रार्थना असतात, तसे न बदलणारे पाच मजकूर असतात : किरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्तुस आणि आग्नुस देई. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत वाढलेल्यांना ते पाठ असतात, आता मराठी-कोकणीतून. १९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत तिथेही ते लॅटिनमधूनच चालत. हेच पाच मजकूर पंधराव्या शतकातल्या संगीतकाराने शेकडो वेळा ऐकलेले, गायलेले. त्याच्यापुढे प्रश्न असा की वेगवेगळ्या वेळी गायल्या जाणाऱ्या या पाच तुकड्यांची एक सलग रचना कशी वाटावी?

त्यावरचा तोडगा म्हणजे एक आधीच माहीत असलेली चाल घ्यायची आणि ती टेनरला द्यायची, संथ, लांबवलेल्या स्वरांत. बाकीचे आवाज तिच्या वर-खाली स्वतंत्र हिंडतात. जुन्या वाड्यात माळवदाखाली तुळई असते तशी ही चाल. भार तिच्यावर, पण नजर सहसा तिच्याकडे जात नाही. पाचही भागांत हीच चाल टेनरमध्ये असली की पाच मिळून एक इमारत होते. या पाच भागांच्या रचनेलाही मिस्साच म्हणतात. बहुतेक वेळा ही चाल चर्चच्या शेकडो वर्षं जुन्या एकसुरी पठणातली, म्हणजे ग्रेगोरियन चांटमधली असे. पण नेहमीच नाही. दुफाईने 'से ला फास ए पाल' ही मिस्सा रचली तेव्हा टेनरमध्ये स्वतःचंच एक फ्रेंच प्रेमगीत घातलं. 'माझा चेहरा फिका पडला असेल तर कारण प्रेम आहे', असं ते गीत. ग्लोरियात ही चाल तीनदा येते. पहिल्यांदा प्रत्येक स्वर तिप्पट लांब, मग दुप्पट, मग मूळ वेगाने. पहिल्या दोन वेळा कानाला काहीच ओळखू येत नाही. तिसऱ्यांदा चाल अचानक ओळखीची होते आणि सगळा भाग उजळून धावत सुटतो.

'शस्त्रधारी माणसापासून जपा' अशा अर्थाचं 'लोम आर्मे' हे एक फ्रेंच गाणं तर इतकं लोकप्रिय झालं की त्याच्यावर चाळीसहून जास्त मिस्सा रचल्या गेल्या. दुफाई, ओकेघेम, ब्युन्वा, जोस्कँ, पुढे इटलीचा पालेस्त्रिना, सगळ्यांनी हात आजमावला. जोस्कँने दोनदा. त्याच्या एका मिस्सेत ही चाल पुढच्या-पुढच्या भागात एकेक पायरी वरच्या स्वरावरून सुरू होते.

दुफाईबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण सुरुवात त्याच्यापासून होते. जन्म १३९७ च्या सुमाराचा. सही करताना तो नावातल्या 'फा'च्या जागी फा हा स्वर काढून दाखवी, म्हणजे उच्चार दु-फा-ई. २५ मार्च १४३६ रोजी फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलचं अभिमंत्रण पोप चौथ्या युजीनच्या हस्ते झालं. ब्रुनेलेस्कीचा अजस्र घुमट तेव्हा पूर्ण होत आला होता. त्या प्रसंगासाठी दुफाईने 'नुपेर रोझारुम फ्लोरेस' ही रचना केली. तिच्या तळाशी दोन टेनर एकच चांट गातात, दुसरा पहिल्यापेक्षा पाच स्वरांच्या अंतरावर आणि वेगळ्या वेळी. तळाचा हा भाग चार वेळा येतो आणि त्या चार वेळांच्या लांबीचं प्रमाण ६:४:२:३ आहे. आधी वाटलं होतं की ही मापं त्या नव्या घुमटाची. नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं की बायबलमध्ये सॉलोमनच्या मंदिराची मापं दिली आहेत ती अशी : लांबी ६० हात, त्यातला पुढचा सभागृहाचा भाग ४०, रुंदी २०, उंची ३०. नव्या मंदिराच्या अभिमंत्रणात आद्य मंदिराची मापं काळाच्या रूपात उभी केलेली. ऐकताना कुणाला हे मोजता येणार नाही. तरीही प्रत्येक भागात वेग बदलल्याचं जाणवतं आणि शेवटी सारं कसं नेमकं बसलेलं वाटतं.

याच दुफाईने आपल्या मरणाच्या वेळी गाण्यासाठी 'आवे रेजिना चेलोरुम' ही रचना केली होती. मेरीची स्तुती चाललेली असताना मध्येच त्याने स्वतःचं नाव गुंफलं आहे, 'पडत्या दुफाईवर दया कर'. त्या ठिकाणी उजळ स्वर मावळतो आणि कोमल गंधारासारखा काळोख उतरतो. शेवटचा क्षण जवळ आला की मुलांनी आणि काही गायकांनी आपल्या बिछान्याशी ती गावी, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. २७ नोव्हेंबर १४७४ ला कांब्रेत तो गेला. गायकांना बोलावण्याइतका वेळ मिळाला नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये गायली गेली.

दुफाईनंतर ओकेघेम. मॉन्सजवळचा माणूस, फ्रान्सच्या एकापाठोपाठ तीन राजांच्या पदरी राहिला. 'मिस्सा प्रोलात्सिओनुम' ही त्याची रचना ऐकताना फक्त संथ, तरंगती वाटते. पानावर पाहिलं तर चार आवाजांसाठी चाली दोनच लिहिलेल्या दिसतात. एकच लिहिलेली चाल दोन गायक वाचतात, पण वेगवेगळी कालचिन्हं लावून, त्यामुळे एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा वेगळा होतो आणि एकातून दोन चाली निघतात. दुसऱ्या जोडीचंही तेच, एकाच वेळी. शिवाय जोडीतल्या दोन आवाजांमधलं अंतर भागाभागाने वाढत जातं, एकाच स्वरापासून थेट सप्तकापर्यंत. यात कुठेही न जुळणारा स्वर अडकू द्यायचा नाही! अशा कामाला कोरडी कसरत म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. किरिए लावून डोळे मिटून ऐका, कसरत कुठे दिसते ते सांगा.

ओकेघेम १४९७ मध्ये वारला. कवी जाँ मोलिनेने शोकगीत लिहिलं. त्यात जोस्कँ, ब्रुमेल, पियेर द ला र्यू, कोंपेर यांना नावाने हाक मारून सांगितलं आहे की शोकाची वस्त्रं घाला, तुमचा बाप गेला. जोस्कँनेच त्याला चाल दिली. बाकीचे आवाज फ्रेंचमधून रडतात, आतला टेनर लॅटिनमधून 'त्यांना चिरशांती दे' ही मृतांची प्रार्थना गातो. एका जुन्या हस्तलिखितात या गाण्याचे स्वर एरवीसारखे पोकळ काढलेले नाहीत, शोकासाठी सगळे भरीव काळे आहेत.

आणि आता जोस्कँ. त्याने केलेला बदल लक्षात आला की या संगीतात शिरायची वाट मोकळी होते. त्याने तुळई काढून टाकली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, त्याच्याही कितीतरी मिस्सांत ती आहे. फेराराच्या ड्यूकसाठी तर त्याने मालकाचं नावच तुळई केलं. 'हेर्कुलेस दुक्स फेरारिए' (लॅटिनमध्ये 'फेराराचा ड्यूक एर्कोले') यातले स्वर (भाषेतले) घेतले, ए-उ-ए-उ-ए-आ-इ-ए, आणि त्यांच्याशी जुळणारे संगीतातले स्वर लावले, रे-उत-रे-उत-रे-फा-मी-रे. आपल्या सरगमात ते होतात रे सा रे सा रे म ग रे. मिस्साभर टेनर हे आठ स्वर गातो. पेटीवर वाजवून ठेवा, मग मिस्सा लावा. ते ऐकू येतील, त्यासाठी शिकलेला कान लागत नाही.

पण त्याच्या उत्तम रचनांत चाल एकाच आवाजाची मालमत्ता राहत नाही. ती शब्दांबरोबर तुकड्या-तुकड्यांनी चारही आवाजांत फिरते. उतारवयातल्या 'मिस्सा पांजे लिंग्वा'मध्ये एका जुन्या स्तोत्राची चाल अशी सगळ्यांत वाटली गेली आहे. टेनर तळाचा, वरचा आवाज शोभेचा, असा भेद संपतो.

हे 'आवे मारिया... विर्गो सेरेना' या रचनेत फार स्वच्छ ऐकू येतं. पाच मिनिटांच्या आसपासची रचना आहे. सर्वांत वरचा आवाज एकटाच सुरू करतो. खालच्या पंचमावरून षड्जावर झेप आणि मग वर पायरी-पायरीने. 'आवे मारिया'. त्याची ओळ संपत येते तोच दुसरा आवाज तीच ओळ खालून घेतो, मग तिसरा, मग चौथा. 'ग्रासिया प्लेना', पुन्हा तसंच. पहिल्यांदा ऐकताना फक्त हे चार प्रवेश पकडा, बाकी काही करू नका. 'विर्गो सेरेना'पाशी चारही आवाज पहिल्यांदा एकमेकांत भरून येतात.

पुढे पाच कडवी, प्रत्येक 'आवे'ने सुरू होणारं, मेरीच्या आयुष्यातल्या पाच प्रसंगांवर. पहिल्यात स्वर्ग आणि पृथ्वी नव्या आनंदाने भरून जातात अशी ओळ आहे, तिथे चारही आवाज एकदम आहेत. नम्रतेच्या कडव्यात वरच्या दोघांनी थोडं म्हणायचं, खालच्या दोघांनी थोडं, असा साधा आलटून-पालटून संवाद. त्यानंतर ताल तीनचा होतो आणि सगळे जवळजवळ एकत्र हलू लागतात. जवळजवळ म्हणायचं कारण, टेनर वरच्या आवाजाचीच चाल एक ठोका मागून गात असतो. आठ-दहा वेळा ऐकल्यावर कान तिथे पोचतो आणि पोचला की तो क्षण विसरता येत नाही. शेवटी पाचही प्रसंग संपतात, क्षणभर थांबणं, आणि मग अगदी लांब साध्या स्वरांत, कुठलीही कारागिरी न करता, चौघे एकत्र म्हणतात, 'हे देवमाते, माझी आठवण ठेव. आमेन.' तोवर सगळं स्तोत्र सर्वांच्या वतीने होतं. इथे 'माझी' हा शब्द येतो आणि जोस्कँ सगळी विद्या बाजूला ठेवतो.

याच्या उलट टोकाला त्याचं 'मिझेरेरे' आहे, फेराराच्या नोकरीतलं. पश्चात्तापाचं लांबलचक स्तोत्र. त्यात एक टेनर 'देवा, माझ्यावर दया कर' एवढंच, जवळपास एकाच स्वरावर, पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, आणि दरवेळी एक पायरी खाली सरकतो. दुसऱ्या भागात एकेक पायरी वर. एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटांची रचना उभी आहे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला जोस्कँ फार प्रिय होता. तो म्हणे, बाकीच्यांना स्वर नेतील तिकडे जावं लागतं, जोस्कँ मात्र स्वरांना हवं तसं वागायला लावतो.

त्याची कीर्ती पसरायला छापखान्याने मदत केली. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने १५०१ मध्ये बहुस्वरी संगीताचं पहिलं छापील पुस्तक काढलं, आणि १५०२ मध्ये एकाच संगीतकाराच्या मिस्सांचं पहिलं पुस्तक छापलं ते जोस्कँचंच. त्याच साली पेत्रुच्चीने काढलेल्या पहिल्या मोटेटसंग्रहाची (मोटेट म्हणजे मिस्सेबाहेरच्या लॅटिन धार्मिक मजकुरावरची रचना) सुरुवात वर सांगितलेल्या 'आवे मारिया'ने होते. नाव इतकं खपू लागलं की २७ ऑगस्ट १५२१ ला जोस्कँ वारल्यानंतरही नवनव्या रचना त्याच्या नावावर छापल्या जात राहिल्या. १५४० मध्ये एका जर्मन संपादकाने नोंदवलं आहे की मेल्यापासून जोस्कँ जिवंतपणापेक्षा जास्त रचतो आहे असं एक नामवंत माणूस म्हणाला होता. त्यातल्या खऱ्या कुठल्या आणि खोट्या कुठल्या, याचं काम अभ्यासक आजही करत आहेत. एक सही मात्र कोरलेलीच आहे. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये गायकांच्या सज्ज्याच्या भिंतीवर गायकांनी आपापली नावं कोरून ठेवली आहेत, त्यात त्याचं नाव सापडलं. जाताना त्याने कोंदेच्या चर्चला मालमत्ता दिली ती या अटीवर, की मिरवणुका त्याच्या घरासमोर थांबाव्यात आणि तिथल्या मेरीच्या मूर्तीपुढे त्याचं 'पातेर नोस्तेर' आणि 'आवे मारिया' गायलं जावं.

पुढच्या दोन पिढ्या मी भराभर सांगतो. आड्रियान विलार्ट १५२७ पासून १५६२ पर्यंत व्हेनिसच्या सेंट मार्क्सचा संगीतप्रमुख होता, आणि व्हेनिसला पुढे जे संगीत फुललं त्याची पेरणी त्याची. गोंबेरने आवाजांना विश्रांतीच देईनासं केलं, त्यामुळे त्याचं संगीत दाट जंगल होतं. त्याच दाटपणावर आक्षेपही आला : चौघे एकाच वेळी वेगवेगळे शब्द म्हणतात, मग प्रार्थना कळणार कशी? १५६२ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेत यावर चर्चा झाली. पालेस्त्रिनाने एक मिस्सा ऐकवून पॉलिफोनी वाचवली ही कथा तुम्ही वाचाल. ती नंतर रचलेली आहे. पण आक्षेप खरा होता, आणि शब्द स्पष्ट पोचवायची काळजी पुढच्या रचनांत ऐकू येते.

या परंपरेतला शेवटचा मोठा माणूस ओर्लांदो दी लासो, मॉन्सचा. १५५६ मध्ये म्युनिकला बव्हेरियाच्या ड्यूककडे गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. दोन हजारांच्या आसपास रचना. त्याची शेवटची मोठी रचना 'लाग्रिमे दी सान पिएत्रो', संत पीटरचे अश्रू. येशूला पकडल्यावर पीटरने त्याला ओळख दाखवायचं तीनदा नाकारलं, आणि मग येशूची नजर त्याच्यावर पडली. सात आवाजांसाठी एकवीस तुकडे, वीस इटालियनमधून पीटरचा पश्चात्ताप आणि शेवटचा लॅटिनमधून. त्या शेवटच्यात येशू स्वतः बोलतो, 'बघ, मी तुझ्यासाठी काय सोसतो आहे'. लासोने २४ मे १५९४ ला तिची अर्पणपत्रिका लिहिली. १४ जूनला तो वारला.

आपल्याशी या सगळ्याचा धागा आहे, पण तो नेमका किती हे नीट सांगायला हवं. जोस्कँ कोंदेत उतारवय काढत होता तेव्हा, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा जिंकलं. चर्चबरोबर चर्चचं गाणं आलं, आणि पुढे गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी, सोल्फेज (दो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवण्याची रीत पडली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच वातावरणातून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. त्यांचे वडील चर्चचा गायकवृंद सांभाळत. त्यांच्यासारख्या अनेक गोवेकर वादकांनी आणि संयोजकांनी हिंदी गाण्यांत वाद्यांना मुख्य चालीपासून स्वतंत्र चाली दिल्या. ते संगीत जोस्कँचं नव्हे, कैक शतकांनंतरचं. पण ज्या पाच रेघांवर ते लिहिलं गेलं आणि ज्या दो-रे-मीने शिकवलं गेलं, ती रीत चर्चच्या याच शाळांच्या घराण्यातली. दो हा तेव्हा 'उत' होता.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'आवे मारिया... विर्गो सेरेना'पासून करा, आणि एका बैठकीत दुसरं काही लावू नका. दुसऱ्या दिवशी तीच रचना लावून फक्त टेनरच्या मागे जा. बासच्या मागे जाणं सोपं असतं, वरच्या आवाजाच्या मागे कान आपोआप जातो, टेनरसाठी मेहनत लागते. मग ओकेघेमवरचं शोकगीत 'नँफ दे ब्वा' आणि हेर्कुलेस मिस्सेतला किरिए. 'मिस्सा पांजे लिंग्वा'चं टॅलिस स्कॉलर्स या इंग्लिश गायकवृंदाने केलेलं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. १९८७ मध्ये ग्रामोफोन मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा मान त्याला मिळाला होता. दुफाई त्यानंतर. त्याचा काळ आधीचा असला तरी त्याची वळणं कानाला अधिक परकी लागतात आणि जोस्कँ पचल्यावर ती उलगडतात. हेडफोन लावू शकत असाल तर लावा. आवाज थोडा कमीच ठेवा.